कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात नोकरीसाठी नव्याने जाताना काय लक्षात ठेवावं?

घर बघताना आधी एकच विचारा: हीटिंग भाड्यात धरलंय का? राजधानी हॅलिफॅक्समधली बरीच जुनी घरं अजून तेलावर गरम होतात. तळघरात टाकी असते, आणि ती भरायचा खर्च आपल्यावर आला की जानेवारीत महिन्याचं गणित कोलमडतं. पहिल्या वर्षी मी हे विचारलंच नव्हतं, म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

नोकरी अजून ठरली नसेल तर अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅम (नोकरीच्या ऑफरवर कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायची सरकारी योजना) जरूर बघा. २०२२ पासून तो कायमस्वरूपी झालाय. ऑफर मात्र प्रांताने मान्यता दिलेल्या कंपनीचीच लागते.

सिन नंबर, म्हणजे कॅनडात काम करायला लागणारा सरकारी क्रमांक, उतरल्या उतरल्या काढा. प्रांताच्या आरोग्य विम्याचं हेल्थ कार्ड हातात पडलं की त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरच्या प्रतीक्षायादीत नाव घाला, ८११ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करूनही घालता येतं. नंबर लवकर लागत नाही, त्यामुळे एक दिवसही दवडू नका.

थंडी समुद्रावरची, ओली. संध्याकाळी पाऊस पडतो, रात्री गोठतो आणि सकाळी फुटपाथवर काच पसरल्यासारखा बर्फ असतो. बुटांच्या तळाला चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते जाड जॅकेटच्याही आधी घ्या.