टॅक्सला चार मार्क कमी पडले, जानेवारी देऊ का मे?

परभणीच्या एका पोरीचं पत्र आलंय. सीए इंटरचा (सीएच्या मधल्या परीक्षेचा) ग्रुप वन, म्हणजे पहिल्या तीन पेपरांचा गट, सप्टेंबरला दुसऱ्यांदा दिला, अकाउंट्सला ६२, लॉला ४५ आणि टॅक्सला ३६. दिवसभर टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात नोकरी, घरी यायला सात वाजतात, त्यात डिसेंबरमध्ये चुलतभावाचं लग्न. "ताई, तिन्ही विषय परत पहिल्यापासून करायलेय, रोज दहा तासांचं टाइमटेबल लावते अन् तिसऱ्या दिवशी मोडतं. जानेवारी देऊ का मेपर्यंत थांबू?"

अगं, तिन्ही विषय कशाला? अकाउंट्सला ६०च्या वर आहेत म्हणजे एक्झेम्प्शन, म्हणजे त्या पेपरातून सूट मिळाली, पुढचे तीन अटेम्प्ट तो पेपर द्यायचाच नाही आणि ते ६२ बेरजेत धरतात. ग्रुप पास व्हायला तीन पेपर मिळून १५० लागतात, राहिले ८८, ते दोन पेपरात, फक्त दोन्हीत किमान ४० पाहिजेत. अकाउंट्सची पुस्तकं आजच माळ्यावर टाक.

जानेवारीच दे. लॉ अजून डोक्यात ताजा आहे, मेपर्यंत तोही परत करावा लागेल.

आणि नोकरी करताना दहा तास निघतच नाहीत गं, त्यात तुझा काही दोष नाही. पहाटे पाच ते साडेसात एवढा वेळ टॅक्सला दे, रात्री तासभर लॉ आणि एमसीक्यू, म्हणजे पर्यायांचे प्रश्न, कारण पेपरात ३० मार्क त्याचेच असतात. दर महिन्याला ११ आणि २० तारखेला जीएसटी रिटर्नची गर्दी असते ना, मग ते दिवस आणि आदला दिवस कॅलेंडरवर आधीच कोरे सोड. लग्नाचे दोन दिवसही सोड आणि मनापासून नाच, तिथं पुस्तक नेऊ नकोस.

टॅक्समध्ये तू कुठं अडकायलीस ते मला वाटतं ऑफिसमुळंच. पार्टीनं, म्हणजे क्लायंटनं, कार घेतली तर तिच्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही हे तुला झोपेतही माहितीय, पण पेपरात जीएसटी कायद्याचं कलम १७(५), ड्रायव्हर धरून तेरा माणसांपर्यंतची गाडी, अपवाद कोणते, हे सगळं लिहून मग उत्तर काढावं लागतं, नुसत्या आकड्याला पूर्ण मार्क कोण देणार. म्हणून उत्तरपत्रिकेची प्रत मागव, निकालानंतर तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, ते चुकवू नको. मार्क इन्कमटॅक्समध्ये गेले का जीएसटीत हे त्यावरून कळेल, दोन्ही पन्नास-पन्नासचे आहेत. रविवारी घड्याळ लावून तीन तास हातानं एक पेपर लिही, सीए इन्स्टिट्यूटच्या साइटवर मॉक टेस्ट आणि आरटीपी (उजळणीचे सराव पेपर) फुकट आहेत.

पाहुणे निकाल विचारतील, तेव्हा अकाउंट्सचा पेपर निघाला म्हणून सांग, ते खरंच आहे. ३१ डिसेंबरला वार्षिक रिटर्न संपतात, तेव्हा १ जानेवारीपासून रजा पाहिजे हे सरांना उद्याच सांगून टाक, ऐनवेळी कुणी देत नाही.