घरातल्या कामांसाठी कॉर्डलेस हॅमर ड्रिल कोणते घ्यावे?

आधी भिंत बघा. विटांची किंवा सिमेंट ब्लॉकची असेल तर पडद्याचे रॉड, फ्रेम, शेल्फ यांसाठी १८ व्होल्टचे, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर आणि १३ मिमी चकचे (बिट पकडणारा भाग) हॅमर ड्रिल, म्हणजे फिरताना ठोकेही देणारे ड्रिल, पुरते. खोक्यावर २० व्होल्ट मॅक्स लिहिलेले दिसले तर जास्त पैसे मोजू नका, ते १८ व्होल्टच असते. १२ व्होल्टचे मशीन लाकूड आणि स्क्रूसाठी छान, भिंतीसाठी मात्र मी सुचवणार नाही.

खरी अडचण आरसीसीची, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटची. फ्लॅटमध्ये खिडकीच्या वर बहुधा बीम किंवा लिंटेल असते आणि पडद्याचा रॉड नेमका तिथेच लागतो. तिथे साधे हॅमर ड्रिल नुसते घरघरते, बिट तापून बोथट होते. अशी भोके बरीच पाडायची असतील तर एसडीएस प्लसचे (खाचांचे बिट बसणारे) रोटरी हॅमरच घ्या, त्याचे ठोके जास्त जोरदार असतात. दोन-चारच असतील तर ते भाड्याने आणा.

बॅटऱ्या दोन हव्यात, २ अँपिअर-अवरच्या चालतील. नुसते मशीन स्वस्त दिसते, पण बॅटरी-चार्जर वेगळे घेताना हिशेब बदलतो. ६ आणि ८ मिमीचे चांगले कार्बाइड बिट घ्याच. टाइलवर हॅमर मोड (ठोके) बंद ठेवा, नाहीतर तडा जातो. आणि सेफ्टी चष्मा लावा, विशेषतः छताला भोक पाडताना.