भारावून गेल्यानंतरचे काम

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

कला, साहित्य आणि स्वतःची प्रेरणा यांविषयी तू लिहिलेला दीर्घ निबंध मिळाला. आधी एका बैठकीत वाचून काढला आणि मग पेन्सिल हातात घेऊन सावकाश वाचला. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात असताना आपल्याला काय आवडते आणि ते का आवडते याचा शोध घ्यावासा वाटणे ही चांगली गोष्ट आहे, आणि तू तो शोध मनापासून घेतला आहेस. तू माझे स्पष्ट मत मागितले आहेस, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'भारावून गेले', 'अंतर्मुख झाले', 'जगण्याची नवी दृष्टी मिळाली' ही वाक्ये तुझ्या निबंधात जवळजवळ प्रत्येक पानावर येतात. ती खोटी आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. तू खरोखरच भारावली असशील. परंतु त्या वाक्यांतून वाचकाला त्या कलाकृतीविषयी काहीच कळत नाही आणि तुझ्याविषयीही फारसे कळत नाही, कारण भारावलेली माणसे लांबून सगळी सारखीच दिसतात. एखाद्या चित्रात किंवा कवितेत आपले लक्ष नेमके कुठे अडकले, तिथे काय केलेले होते, ते करणाऱ्याला कशामुळे जमले असेल, हे सांगू लागलो की लिहिणारा माणूस वेगळा ओळखू येतो. भारावून जाणे आपल्या हातात नसते; त्यानंतरचे काम मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि या पत्रात मला त्या कामाविषयीच बोलायचे आहे.

हुसेन यांच्यावर लिहिलेला भाग आधी घेऊ. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात झाला, याचा तुला अभिमान आहे आणि मलाही आहे. पण तू त्यांचे लहानपणीच हरपलेले मातृछत्र, त्यांचे अनवाणी चालणे, त्यांची गरिबी आणि पुढची कीर्ती यांविषयी भरभरून लिहिले आहेस आणि त्यांच्या एकाही चित्राविषयी चार सलग वाक्ये लिहिलेली नाहीस. मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले, ही गोष्ट 'संघर्ष' या शब्दाखाली एका ओळीत उरकली आहेस. माझ्या मते थांबायला हवे होते ते तिथेच. असा फलक रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला लांबून आणि क्षणभरच दिसतो, पण रंगवणारा परांचीवर त्याच्या इतका जवळ उभा असतो की रंगवला जाणारा चेहरा त्याला कधीच अखंड दिसत नाही. तिथे हात मनगटातून फिरवून भागत नाही, तो खांद्यापासून फिरवावा लागतो आणि रेघ एका दमात ओढावी लागते. हे ध्यानात ठेवून त्यांच्या एखाद्या घोड्याच्या मानेची रेघ कुठून सुरू होते आणि कुठे सुटते ते पाहा. कलावंताच्या हालअपेष्टांबद्दल सहानुभूती असावी, परंतु त्या हालअपेष्टांनी हाताला काय शिकवले हे पाहिल्याशिवाय ती सहानुभूती त्याच्या कलेपर्यंत पोहोचत नाही.

आता राम जोशी. हा शाहीर आपल्या शहरातला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढच्या शतकाच्या आरंभी गाजलेला. तू त्याचे नाव 'सोलापूरची परंपरा' या परिच्छेदात इतर अनेक नावांबरोबर घेतलेस आणि पुढे गेलीस. माझा सल्ला असा की बाकीची सारी नावे काढून टाक आणि या एकट्याजवळ महिनाभर बस. त्याची एकच ओळ तुझ्यासमोर ठेवतो:

हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशी कां शिरी
मठाची उठाठेव कां तरी

ही ओळ डोळ्यांनी वाचू नकोस, मोठ्याने म्हण. पहिल्या चरणात 'ट' चार वेळा आपटतो, मग 'धरिशी कां शिरी' या शब्दांवर जीभ क्षणभर विसावते आणि दुसऱ्या चरणात तोच आघात अधिक जड होऊन 'ठ'च्या रूपाने परत येतो. भगवी वस्त्रे आणि जटा यांचे अवडंबर माजवणाऱ्या माणसाला विचारलेला हा प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाची सारी धार अर्थाइतकीच या नादात आहे. साध्या शब्दांत तोच उपदेश मांडून पाहा, म्हणजे किती गळून जाते ते तुझ्याच कानाला कळेल. हे त्याला कुठून आले? विद्वान ब्राह्मणाचे घराणे, थोरले बंधू मुद्गल जोशी कीर्तन-पुराण सांगणारे, आणि हा तमाशाच्या फडात रमलेला. तमाशाच्या या छंदापायी त्याला घर सोडावे लागले आणि मग पंढरपुरास राहून त्याने संस्कृताचे अध्ययन केले, असे सांगतात. अनुप्रास आणि यमक यांची पंडिती तालीम आणि डफावर पडणारी थाप या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगी होत्या, म्हणून ही ओळ अशी झाली. पुढे त्याने मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या. संस्कृत आणि मराठी यांचे मिश्रण असलेल्या लावण्याही रचल्या. 'उच्च' आणि 'लोक' अशी जी विभागणी तू निबंधात केली आहेस ती या माणसाच्या एका ओळीतही टिकत नाही. यावर पुढे कधी सविस्तर लिहावेस अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुझ्या निबंधातला सर्वांत चांगला भाग कोणता, हे तुला कदाचित ठाऊक नसेल. शेवटाकडे, जणू भरतीला म्हणून, तू अर्धे पान आजोबांविषयी लिहिले आहेस. ते चादरीच्या कारखान्यासाठी आलेखाच्या कागदावर मोराची नक्षी उतरवीत आणि तू शेजारी बसून बारीक चौकोन भरायला मदत करीत असस. तिथे एकही विशेषण नाही आणि तरी मला तो कागद दिसला. पण तू फार लवकर उठून गेलीस. तो अर्ध्या पानाचा भाग चार पानांचा व्हायला हवा. कागदावरची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा, म्हणजे कापडातला एक आडवा धागा. त्या एका ओळीसाठी पुठ्ठ्याचा एक पत्ता, आणि भरलेल्या चौकोनाच्या जागी त्या पत्त्याला भोक. जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, पत्ता येतो तेव्हा जिथे भोक आहे तिथला आकडा ताण्याचा उभा धागा वर उचलतो, जिथे नाही तिथला धागा खालीच राहतो आणि धोटा मधून जातो. मग पुढचा पत्ता. मोराचा डोळा, तुरा, पिसाऱ्यातील वळण हे सगळे या 'उचलला' आणि 'नाही उचलला' एवढ्यातूनच व्हायचे असते, म्हणून गोलाई काढताना चौकोनांच्या पायऱ्या कशा उतरवायच्या, किती अंतरावरून पाहिले म्हणजे पायरी नाहीशी होऊन वळण दिसते, हा निर्णय तुझे आजोबा रोज घेत होते. हा निर्णय कलेचा आहे. यात शंका घेऊ नकोस आणि निबंधात त्याला 'कारागिरी' म्हणून वेगळ्या कोपऱ्यात बसवू नकोस. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले याचा तू उल्लेख केला आहेस तो ठीक आहे, पण मानांकनाने तो चौकोन कसा भरायचा हे समजत नाही. ते तुला समजते. आजोबांकडे जाऊन बस, त्यांना विचार की एखादी नक्षी मागावर बिघडलेली पाहून त्यांनी कागदावर काय बदलले, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घे.

त्यांच्या शब्दांत म्हणजे तेलुगूतसुद्धा. तू शहराच्या पूर्व भागात वाढलेली आहेस, घरात तेलुगू बोलतेस, आणि तुझ्या निबंधात त्या भाषेचा मागमूस नाही. माझ्या मनाला हे फार लागले, कारण हे शहर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा भाषांनी एकत्र राहून घडवले आहे. ज्या सिद्धरामांना आपण ग्रामदैवत मानतो त्यांची बाराव्या शतकातील वचने कानडीत आहेत आणि त्यांची जत्रा सगळे शहर आपली म्हणून करते. नवरात्राच्या सुमारास तुझ्या गल्लीत बतुकम्मा मांडतात. तरवडाची पिवळी फुले, कुरडूचे तुरे, झेंडू यांचे थर रचून बायका भोवती फेर धरतात आणि गातात. त्या गाण्यात ओळीमागून ओळ 'उय्यालो' हा पालुपदाचा शब्द येतो. एकजण ओळ सांगते, बाकीच्या ती उचलतात, टाळ्यांचा ठेका चालू असतो आणि 'उय्यालो' म्हणेपर्यंत सांगणारीला पुढची ओळ आठवायला किंवा तिथल्या तिथे जुळवायला उसंत मिळते. असे मला ऐकताना जाणवले. तू तर त्या फेरात फिरलेली आहेस, तेव्हा हे बरोबर की चूक ते तू अधिक अधिकाराने सांगू शकशील. ही गाणी तू पुस्तकात वाचलेली नाहीस म्हणून तुला ती साहित्य वाटली नसतील. परंतु ठेका, पालुपद आणि स्मरण यांचे नाते शिकवणारी दुसरी इतकी चांगली शाळा तुला मिळणार नाही. आईकडून आणि मावश्यांकडून ती उतरवून घे, आधी तेलुगू उच्चार देवनागरीत आणि खाली मराठी अर्थ.

या संदर्भात मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण तुला उपयोगी पडेल. त्यांचा जन्म सोलापुरात १९३२ साली झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये ते सोलापुरातच गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. २००६ साली आपल्या शहरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, हे तुझ्या घरच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. वनखात्याच्या नोकरीत आयुष्याची कितीतरी वर्षे रानात काढलेल्या या लेखकाने अरण्याविषयी ललित लेखन तर केलेच, पण जंगलात राहणाऱ्या लोकांकडून पाखरांची, प्राण्यांची, झाडांची नावे गोळा करून कोशही सिद्ध केले. निसर्गाने भारावणारे लेखक पुष्कळ असतात. एका पाखराला या खोऱ्यात काय म्हणतात आणि पलीकडच्या डोंगरात काय म्हणतात हे वर्षानुवर्षे टिपून ठेवणारे फार थोडे. मला त्यांच्या ललित गद्याचे सामर्थ्य या टिपणांतूनच आलेले दिसते, कारण ज्याच्याजवळ गोष्टीचे नाव असते त्याला विशेषणांची गरज कमी पडते.

रोजच्या सवयींविषयी तू विचारले आहेस, त्याचे उत्तर थोडक्यात देतो. आवडलेला उतारा मोबाइलवर टिपून ठेवू नकोस, हाताने वहीत उतरवून काढ. उतरवताना स्वल्पविराम कुठे आहे आणि क्रियापद किती लांबवले आहे हे हाताला कळते. एखाद्या लेखकाची लकब आपल्या लेखनात उतरली तर इतक्यात घाबरू नकोस, तुझ्या वयात ती उतरायलाच हवी आणि पुढचा लेखक वाचताना ती आपोआप सैल होते. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसण्याची सवय लाव. तिथे एका वेळी एकच पुस्तक घे आणि ते संपल्यावर लगेच पुन्हा पहिल्या पानापासून सुरू कर, कारण पहिल्या वाचनात आपण पुढे काय होते ते पाहत असतो आणि दुसऱ्या वाचनात ते कसे केले आहे हे दिसू लागते.

घरचे विचारतात की या लेखनाचा उपयोग काय, असे तू लिहिले आहेस. त्यांच्याशी वाद घालू नकोस. मागावर पोट असलेल्या घरात हा प्रश्न रास्त आहे आणि तो काळजीपोटी आलेला आहे. पदवी पूर्ण कर, नोकरीची तयारी कर, आणि दिवसातला सकाळचा एक तास कोणालाही न देता स्वतःच्या लेखनासाठी राखून ठेव. प्रेरणा येईल तेव्हा लिहीन असे म्हणून तो तास सोडू नकोस. लिहायला बसल्यावर ती येते किंवा येत नाही, पण न बसणाऱ्याकडे ती निश्चितच फिरकत नाही. आणि आपण कलावंत आहोत की नाही हा प्रश्न, ज्यावर तू निबंधाची शेवटची दोन पाने खर्च केली आहेस, तो सध्या बाजूला ठेव. त्याचे उत्तर आज देता येणार नाही आणि आज ते कोणी मागतही नाही.

आता करायचे ते असे. संपूर्ण निबंध पुन्हा लिहीत बसू नकोस. आजोबांचा भाग वेगळा काढून फक्त तेवढाच लिही, आणि लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून त्यांनाच ऐकव. नक्षीच्या कामात तुझे काही चुकले असेल तर ते लगेच सांगतील. त्यांनी सुधारलेला मसुदा संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धरामांची जत्रा, भरण्यापूर्वी माझ्याकडे पाठव. बरोबर आलेखाचा एखादा जुना कागद मिळाला तर तोही आण, म्हणजे कोणत्या चौकोनाविषयी बोलते आहेस ते आपल्या दोघांना तो कागद समोर ठेवून पाहता येईल. बतुकम्माची गाणी उतरवण्याचे काम मात्र थांबवू नकोस, ते बाजूने चालू राहू दे.

तुझा,
सर