गुरुवारी सही करू नका काकू

सांगलीच्या एका काकूंनी विचारलंय, त्यांचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. वय 72, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर, पेन्शन चालू. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. विश्रामबागेतला टू बीएचके फ्लॅट मिस्टरांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, त्यांच्याच नावावर, सोसायटीत नॉमिनी मुलगा. मुलगा, सून, दोन नातवंडं सोबत राहतात. मुलाला दुकान वाढवायला लोन हवंय आणि बँकवाले म्हणतात फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर करून आणा. म्हणून काकूंनी बक्षीसपत्र (आपला हिस्सा मुलाला देऊन टाकायचा कागद) आणि इचलकरंजीला दिलेल्या मुलीने हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडून द्यायचा कागद) करायचं घरात ठरलं, येत्या गुरुवारची रजिस्ट्रीची वेळही घेऊन झाली. "मुलगा चांगला आहे हो, पण रात्री झोप लागत नाही. हल्ली मला विसरायला पण होतं. सही करू का?"

नको काकू. निदान या गुरुवारी तरी नको. आणि हे मी तुमचा मुलगा वाईट आहे असं समजून म्हणत नाहीये, तो चांगला आहे हे तुम्ही तीन वेळा लिहिलंय आणि मी ते तसंच धरून चाललेय. उलट तो चांगला आहे म्हणूनच हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक एवढाच विचार करतात की मुलगा बघेल की नाही, आणि बघेल असं वाटलं की सही करून मोकळे होतात. लोनचा विचार कोणी करत नाही.

पहिली गोष्ट, फ्लॅट आज कोणाचा आहे. मुलाचं म्हणणं की नॉमिनी मी आहे म्हणजे तसा तो माझाच आहे, फक्त कागद करायचाय. तसं नाहीये. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी पत्रव्यवहार करायचा, मेंटेनन्स कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरता तो माणूस, महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली त्यात तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असंच म्हटलंय. मालकी वारसा कायद्याने ठरते. मिस्टर मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे बायको, मुलगा, मुलगी तिघांना सारखा हिस्सा (सासूबाई हयात नाहीत असं धरतेय, असत्या तर त्यांचाही चौथा हिस्सा आला असता). म्हणजे तुमचा एक तृतीयांश, मुलाचा एक तृतीयांश, मुलीचा एक तृतीयांश. मुलीचं लग्न झालंय, तिला लग्नात दिलं, याने काही फरक पडत नाही. मिस्टरांच्या एफडीचंही तेच, मुलाने नॉमिनी म्हणून पैसे काढले असतील तरी त्यात तुमचा आणि मुलीचा वाटा आहेच.

दुसरी गोष्ट, सहीनंतर काय होतं. मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं आणि जिवंत असेपर्यंत शंभर वेळा बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही, ते रजिस्टर झालं की त्याच दिवशी हिस्सा तुमच्या हातातून गेला. मुलगा म्हणतो 200 रुपयांत काम होतं, ते खरंय. 2015 पासून राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, महापालिका हद्दीत वर अधिभार लागतो तो वेगळा. पण काकू, स्वस्त आहे म्हणून आयुष्यभराचं छप्पर द्यायचं का. आणि तिथे रजिस्ट्रीच्या ऑफिसात घाई कशी असते ते मी वकील म्हणून रोज बघते. एकापाठोपाठ एक पार्ट्या आत जातात, कॅमेऱ्यासमोर फोटो, मशीनवर अंगठा, "लिहून दिलं ते मान्य आहे ना?" "हो मान्य आहे," की पुढचा नंबर. मागे एक आजी अंगठा मशीनवर उमटेना म्हणून साडीच्या पदराला बोटं पुसत होत्या, तीन-चार वेळा पुसली, आणि एवढ्या वेळात त्यांना एकानेही सांगितलं नाही की कागदात काय लिहिलंय. मी दुसऱ्या पार्टीबरोबर होते. मी तेव्हा उठून विचारायला हवं होतं असं अजून वाटतं.

आता लोनचं. समजा तुम्ही आणि मुलीने सह्या दिल्या, फ्लॅट पूर्ण मुलाचा झाला, त्याने तो बँकेकडे गहाण ठेवला. दुकान चाललं तर उत्तम. नाही चाललं, हप्ते थकले, तर बँक सरफेसी कायद्याखाली (बँकांच्या कर्जवसुलीचा कायदा) 60 दिवसांची नोटीस काढते आणि नंतर ताबा घ्यायला येते, त्यासाठी तिला आधी दिवाणी दावा लावावा लागत नाही. तेव्हा मुलगा कितीही चांगला असला तरी तो काय करणार, तो पण तुमच्यासोबत रस्त्यावर. आणि एक अप्रिय गोष्ट लिहिते, वकील आहे म्हणून लिहावी लागते. मुलाचं तुमच्याआधी काही बरंवाईट झालं तर पूर्ण फ्लॅट त्याच्या वारसांकडे जाणार, म्हणजे त्याची बायको, दोन मुलं आणि आई म्हणून तुम्ही, चार सारखे हिस्से. आज एक तृतीयांशाच्या मालकीण आहात, तेव्हा एक चतुर्थांशाच्या, त्यातही नातवंडं लहान असतील तर त्यांचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी, बँकेचा बोजा वेगळाच. सही केली नाही तर तुमचा स्वतःचा एक तृतीयांश शाबूत, तो कोणाच्याच कर्जात अडकत नाही.

कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की मुलाने सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र कॅन्सल होतं. कायदा आहे, ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा, त्यात कलम 23. पण तो आपोआप चालत नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं असेल आणि ती अट मोडली, तर प्रांत ऑफिसातलं न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2022 च्या एका निकालात सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं मुलाने बघितलं नाही म्हणून चालणार नाही. मग जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या केसमध्ये कोर्टाने कायदा म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने सढळ हाताने वाचा म्हटलं, बक्षीसपत्र रद्द केलं, घराचा ताबाही आईला द्यायला लावला, पण त्या केसमध्येसुद्धा मुलाने त्याच सुमारास लिहून दिलेलं वचनपत्र होतं, म्हणजे आईच्या हातात कागद होता. तुमच्या ड्राफ्टचा फोटो तुम्ही पाठवलाय त्यात लिहिलंय "प्रेमापोटी व मायेपोटी कोणतीही अट न ठेवता". या चार शब्दांनी, "कोणतीही अट न ठेवता", तुमची कलम 23 ची वाट जवळजवळ बंद होते. टायपिस्टकडे तयार फॉरमॅट असतो, त्यात ते असतंच, मुलाने मुद्दाम टाकलं असेल असं मला वाटत नाही.

कधी कोणाला बक्षीसपत्र करायचंच झालं तर त्यात साधारण असं पाहिजे (लिहून देणार म्हणजे मिळकत देणारा, लिहून घेणार म्हणजे ज्याला मिळते तो): "लिहून देणार यांना सदर मिळकतीत हयातभर राहण्याचा हक्क राहील. लिहून घेणार हे लिहून देणार यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार व देखभाल करतील, या अटीवर हे बक्षीसपत्र करून दिले आहे. सदर अटीचा भंग झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा अधिकार लिहून देणार यांना राहील." हे ज्याला बक्षीसपत्र करायचंय त्याने उतरवून घ्या. पण काकू, तुमच्या बाबतीत याचा उपयोग नाही, कारण बँकेचा पॅनलवरचा वकील हे वाचेल आणि लोन नाकारेल. आई हयातभर आत राहणार असं लिहिलेला फ्लॅट कोणती बँक तारण घेईल? म्हणजे बँकेला जो कागद चालतो तो तुम्हाला धोक्याचा आणि तुम्हाला जो चालतो तो बँकेला नको. यात मधला मार्ग काढत बसू नका, लोन फ्लॅटवर नको एवढं ठरवा.

मुलीचं वेगळं सांगते कारण तिच्याबद्दल घरात कोणी बोलतच नाहीये असं दिसतंय. तिने भावाच्या नावे हक्कसोड केलं की तिचा हिस्सा कायमचा गेला. कलम 23 तुमच्यासाठी आहे, तिला ते लागू नाही, ती ज्येष्ठ नागरिक नाही. तिला खरंच हिस्सा नको असेल तर तिने तो तुमच्या नावे सोडावा. मग तुमच्याकडे दोन तृतीयांश, पुढे कोणाला किती ते तुम्ही मृत्युपत्रात ठरवाल. दर शनिवारी इचलकरंजीहून एसटीने येऊन तुमच्या गोळ्यांचे डबे भरून जाते म्हणून लिहिलंय तुम्ही, तिला निदान विचारा तरी की तुझ्या मनात काय आहे.

आता विसरण्याचं, हे मला सगळ्यात तातडीचं वाटतं. चष्मा कुठे ठेवला, गॅस बंद केला का, हे विसरणं म्हणजे मृत्युपत्र करायला अपात्र असं नाही. कायदा एवढंच बघतो की लिहिताना आपण काय करतोय, आपलं काय काय आहे, कोणाला देतोय हे कळत होतं का. आज तुम्हाला कळतंय, पत्रातच दिसतंय. पण वर्षाने, दोन वर्षांनी कोण सांगणार? म्हणून मृत्युपत्र याच महिन्यात करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण तुमच्या केसमध्ये करा. दोन साक्षीदार लागतात, दोघांनी तुम्हाला सही करताना बघितलं पाहिजे आणि मग तुमच्यासमोर सही केली पाहिजे. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार घेऊ नका, आणि तुमच्याच वयाच्या मैत्रिणीला नको, वीस वर्षांनी कोर्टात येऊन सांगू शकेल असा माणूस घ्या. एक साक्षीदार तुमचे नेहमीचे डॉक्टर झाले तर फारच चांगलं, त्यांच्याकडून त्याच तारखेचं सर्टिफिकेट घ्या की या पूर्ण शुद्धीत आहेत, समजून बोलतात. पायाने जाणं होत नसेल तर कारण देऊन दुय्यम निबंधकांना, म्हणजे रजिस्ट्री करणाऱ्या अधिकाऱ्यांना, घरी बोलवता येतं, अर्ज आणि फी भरावी लागते.

मुलगा म्हणतो तसं त्याला जनरल मुखत्यारपत्र देऊन ठेवायचं, "पुढे तुझं डोकं चाललं नाही तर मी बघेन", हे पण करू नका. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान गेलं की कायद्याने ते संपतं, म्हणजे ज्या दिवसासाठी ते करताय त्याच दिवशी ते निकामी. तोपर्यंत मात्र त्यावर व्यवहार होत राहतात.

पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड आणि पिन मुलाकडे आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते परत घ्या. घरखर्चाला दर महिन्याला ठरलेली रक्कम तुम्ही स्वतः त्याच्या खात्यात टाका, पासबुक महिन्याला भरून आणा. घरात राग येईल थोडा, जाईल. बँकेत आता एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, 1 नोव्हेंबर 2025 पासून, तर दोन्ही मुलांची नावं टक्केवारीसकट लावून टाका, वाद कमी होतात. आणि 70 च्या वर आहात तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, वर्षाला 5 लाखांपर्यंत हॉस्पिटलचं, उत्पन्नाची अट नाही.

मुलाला काय सांगायचं हा खरा प्रश्न, मला माहितीय. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर सांगा, सुनेलाही समोर बसवा, आणि नाही म्हणायच्या आधी लोनचं बोला. दुकानासाठी मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही, ते आधी बघ म्हणा. तुमच्या एफडीतून काही रक्कम द्यायची इच्छा असेल तर जेवढी बुडाली तरी तुमचं औषधपाणी अडणार नाही तेवढीच द्या, चेकने, आणि मुलीला सांगून. फ्लॅटमधून तुला कोणी काढत नाहीये, तू इथेच राहायचंयस, फक्त माझ्या हयातीत हे घर बँकेकडे जाणार नाही, असं सरळ सांगा. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलाय तुम्ही.

आणि त्याने ऐकलं नाही, बोलणं टाकलं, जेवणाखाण्यात फरक पडला, तर मिरजेच्या प्रांत ऑफिसात साधा अर्ज देता येतो, वकील लागत नाही, महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो आणि नोटीस गेल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असं कायद्यात आहे. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, फुकट आहे. कधी वकील लागलाच तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हे तुम्हाला लागेल असं वाटत नाही, पण नंबर उशाशी असू दे.

गुरुवारची वेळ चुकली तर चुकू दे, चलन भरलं असेल तर परताव्याचा अर्ज करता येतो. त्याऐवजी त्या दिवशी मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू (रजिस्ट्री ऑफिसातून मिळणारा नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट शोधून एका पिशवीत ठेवा, सगळ्याच्या झेरॉक्स काढून एक सेट मुलीकडे द्या. सोसायटीला तिघांची नावं वारस म्हणून लावण्याचा अर्ज द्यायचाय, त्याचा मसुदा मी लिहून पाठवते.