सरकत्या पार्टिशनचा खर्च कोणाचा?

प्रश्न: आमच्या प्रशिक्षण संस्थेने व्यापारी इमारतीतला एक हॉल पाच वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने घेतला आहे. हॉलचे दोन भाग करणारी, छताच्या ट्रॅकला टांगलेली सरकती भिंत मालकांनीच बसवलेली आहे. तिसऱ्या वर्षी ती फरशीला घासू लागली आणि आता एका पॅनेलची ट्रॉली (ट्रॅकमधून फिरणारी चाकं) निखळली आहे. करारात ‘नेहमीची देखभाल भाडेकरू करेल’ एवढंच वाक्य आहे. त्यावर बोट ठेवून मालक ट्रॅकसकट नवी भिंत बसवण्याचा खर्च आमच्या डिपॉझिटमधून कापणार म्हणतात. आम्ही भाडं थांबवावं का?

उत्तर: नाही, भाडं थांबवू नका. थकबाकीदार ठरलात तर मूळ तक्रार बाजूला राहील. आणि भिंत सरकवणं आजच बंद करून तो भाग अडवून ठेवा. या भिंतींचं सगळं वजन वरच्या ट्रॉल्यांवर असतं. खालचं सील फक्त फट बुजवतं. धोका माहीत असताना वापर चालू ठेवला आणि कुणाला इजा झाली, तर त्याचा जाब तुम्हालाही द्यावा लागेल.

ट्रॅकमधली धूळ काढणं, सीलची झिजलेली पट्टी बदलणं, बोल्ट ढिले झालेत का हे तंत्रज्ञाकडून वेळोवेळी तपासून घेणं, ही नेहमीची देखभाल. अख्खा ट्रॅक बदलणं तिच्यात बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 नुसार भाडेकरूने जागा घेतली तशा स्थितीत ठेवायची असते, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. म्हणजे जुन्याच्या जागी नवं बसवून देण्याचा बोजा मालक तुमच्यावर टाकू शकत नाहीत.

मात्र खर्च तुमच्यावर येत नाही म्हणून तो आपोआप मालकांवर जातो, असंही नाही. दुरुस्ती स्वतः करून भाड्यातून वळती करण्याची मुभा कलम 108 देतं, पण ती दुरुस्ती मालकांवर बंधनकारक असेल तरच, आणि नोटिशीनंतर वाजवी मुदत देऊन. तेव्हा छत, तुळया यांच्या दुरुस्तीबद्दल करारात काय लिहिलंय ते आधी वाचा. तुमच्या जागेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू होत असेल तर कलम 14 तुमच्या बाजूने आहे: उलट करार नसल्यास जागा सुस्थितीत ठेवणं मालकांचं काम. तिथे किमान 15 दिवसांची नोटीस लागते आणि वर्षभरात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. संस्था 1 कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाची (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या भांडवलाची) कंपनी असेल तर हा कायदा लागू होत नाही.

खरा निकाल लागेल तो बिघाडाच्या कारणावर. प्रत्येक पॅनेल ट्रॅकभर हळूहळू सरकवलं तर कारण बरंचसं कळतं. एकच पॅनेल सगळीकडे घासत असेल तर दोष बहुधा त्याच्या टांगत्या बोल्टचा, म्हणजे देखभालीचा. सगळी पॅनेलं एकाच ठिकाणी, समजा मधोमध, घासत असतील तर तिथे ट्रॅक किंवा त्यावरची तुळई खाली आली असण्याची शक्यता दाट. ते तुमच्या धूळ पुसण्या-न पुसण्याने घडत नाही. ही चाचणी स्वतः करू नका. निखळलेलं पॅनेल आधी सुरक्षित करून, दोन्ही बाजूंसमोर, त्रयस्थ तंत्रज्ञाकडूनच ती करून घ्या. पॅनेल आणि फरशीमधल्या फटीची मापं ठिकठिकाणी घेऊन लेखी अहवाल मागा. मोबाइलवरचे फोटो कोर्टात द्यायचे झाल्यास भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागेल, त्यामुळे मूळ फाइली जपा.

तुमची कमकुवत बाजू एकच: तीन वर्षांत केलेल्या देखभालीचे कागद तुमच्याकडे आहेत का? सफाईची किंवा तंत्रज्ञाची बिलं असतील तर शोधा. नसतील तर मालक म्हणतील की वेळेवर तपासणी झाली असती तर ट्रॉली निखळलीच नसती, आणि त्या एका पॅनेलपुरतं ते खरं ठरू शकतं. तेवढा खर्च सोसायची तयारी ठेवा. उत्पादकाची देखभाल-पुस्तिका मालकांनी कधी दिलीच नसेल, तर तेही नोटिशीत लिहा.

नोटीस स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनसह पाठवा. संयुक्त पाहणीची तारीख सुचवा आणि अहवाल येईपर्यंत डिपॉझिटला हात लावू नये, असं स्पष्ट कळवा. प्रकरण दाव्यापर्यंत गेलं आणि रक्कम 3 लाख किंवा जास्त असेल, तर वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, 2015 नुसार तातडीचा आदेश मागायचा नसल्यास आधी मध्यस्थीला जावं लागतं. तोवर निखळलेली ट्रॉली आणि तिचे बोल्ट कुणाला नेऊ देऊ नका.