जुनी लष्करी काडतुसं मारल्यावर रायफलची नळी अमोनियाच्या स्प्रेने पुसली तर पुरतं का?

नाही पुरत. चिंधीवर दोन फवारे, नळीतून एकदा आरपार आणि मग तेल, ही जी पद्धत तुम्हाला सांगितली गेलीय तिने तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की मोसिन-नगांत, म्हणजे ती जुनी रशियन लष्करी रायफल, घेतलीय, सोबत 440 काडतुसांचा सीलबंद डबा आहे, आणि रेंजवरच्या एकाने सांगितलं की काच पुसायच्या स्प्रेतला अमोनिया या काडतुसांमुळे नळीत बसणारं मीठ ‘मारतो’. अगदी हेच वाक्य मी माझ्या मित्राच्या तोंडून ऐकलंय आणि त्यापायी माझी एक रायफल गेली. म्हणून जरा लांब लिहितोय.

मी मूळचा मालवणचा, आता ह्युस्टनला असतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी सुटतं हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तुमच्या नळीत तेच होतं. त्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाशी बसवलेल्या, ठिणगी पाडून दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असतं. गोळी सुटली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ, आणि ते नळीभर बसतं. दोष दारूचा नाही, प्रायमरचा. अमेरिकन लष्करसुद्धा त्यांच्या .30-06 रायफल-काडतुसांसाठी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत असलेच प्रायमर वापरत होतं, कारण वर्षानुवर्षं कोठारात पडून राहिले तरी ते दगा देत नाहीत. हवेतली आर्द्रता 84 टक्क्यांच्या आसपास गेली की या मिठाला पाणी सुटतं. ह्युस्टनची पहाट बहुतेक वेळा त्याच्याही वर असते.

आता मीठ कशाने जातं? पाण्याने. तेलात ते विरघळत नाही. लोणच्यावर दोन बोटं तेल असतं म्हणून खालचं मीठ जातं का? तेल लावलेली नळी चकचकीत दिसते आणि गंज त्या तेलाखाली बसून आपलं काम करत राहतो. अमोनिया तांब्याचा थर काढतो, ते त्याचं खरं काम. मिठाशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्या निळ्या स्प्रेत जे काही काम होतं ते त्यातल्या पाण्यामुळे होतं, आणि दोन फवाऱ्यांत पाणी असतं किती?

माझ्याकडे दोन मोसिन होत्या. एक युद्धकाळातली, ओबडधोबड. दुसरी 1935 ची, इझेव्हस्कच्या कारखान्यातली, युद्धाआधीचं सुबक काम. नळीत पाहिलं तर रायफलिंगच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, कडा अजून धारदार. मित्राला ती हवी होती एका शनिवारसाठी. दिली. रविवारी संध्याकाळी त्याने आणून दिली, तेलाचा वास येत होता, बाहेरून लाकूडसुद्धा पुसलेलं. म्हणाला, “साफ केलीय, अमोनिया मारलाय, काळजी नको.” दुसऱ्या दिवशी पहाटे माझं विमान होतं. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं गावी. मी रायफल तशीच गॅरेजमधल्या कपाटात उभी केली.

तीन आठवड्यांनी परत आलो. कोरडी चिंधी लावून नळी साफ करायचा गज ढकलला तेव्हा हाताला खरखर लागली. नीट साफ केलेल्या नळीत गज लोण्यातून जावा तसा जातो. चिंधी दुसऱ्या टोकातून बाहेर पडली ती विटेच्या भुकटीत बुडवल्यासारखी. ब्रश मारला, परत चिंधी, परत तोच रंग. सातव्या-आठव्या चिंधीला रंग फिका झाला आणि मग टॉर्च लावून पाहिलं. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या, पुढचे पाच-सहा इंच देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्ड्यांनी भरले होते. ते भरून येत नाहीत. नळी बदलणं एवढाच उपाय, आणि मग ती 1935 ची रायफल राहत नाही.

मित्राला फोन केला. त्याचं म्हणणं, गॅरेज दमट आहे, त्यात तुझाच दोष. पण दुसरी मोसिन त्याच कपाटात, तिच्या शेजारी उभी होती. त्याच डब्यातली काडतुसं, त्याच आठवड्यात मारलेली, फक्त ती मी पाण्याने धुतली होती. तिच्यातून चिंधी पांढरी निघाली. हे सांगितल्यावर तो म्हणाला, तुझी 1935 ची आधीच खराब असणार. तिथून बोलणं वाढलं ते वाढलंच.

मग मी साध्या लोखंडाच्या चार पट्ट्या पॉलिश पेपरने घासून घेतल्या आणि रेंजवर प्रत्येकीवर त्याच डब्यातल्या काडतुसाच्या नुसत्या प्रायमरचा धूर बसवला, दारू आणि गोळी काढून. पहिलीला फक्त तेल. दुसरीला स्प्रे मारलेली चिंधी एकदा फिरवून मग तेल. तिसरी कढत पाण्याखाली धुऊन, पुसून तेल. चौथी नळाच्या गार पाण्याखाली, पुढे तसंच. चारही बाथरूमच्या खिडकीत टांगल्या. तिसऱ्या दिवशी पहिलीवर तेलाखालून ठिपके उठलेले. दुसरीच्या कडांना तपकिरी रेघ. तिसरी आणि चौथी जशीच्या तशी. म्हणजे पाणी गरमच पाहिजे असंही नाही. गरम पाण्याचा फायदा एवढाच की लोखंड तापतं आणि उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. चारही पट्ट्या जपून ठेवल्यात. मित्राला दोनदा निरोप दिला, पाहायला आला नाही.

ही काही माझी अक्कल नाही. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका असायच्या. काळी दारू मारली की शेजारचे काका चुलीवरचं पाणी नळीत ओतायचे आणि मगच तेलाची बाटली काढायचे. ब्रिटिश सैन्यात त्यांच्या .303 रायफलची नळी उकळत्या पाण्याने धुण्यासाठी खास नरसाळं मिळायचं. मोसिनच्या सोबत येणारी ती दोन कप्प्यांची पत्र्याची बाटली पाहिलीत का? एका कप्प्यात अल्कली मिसळलेलं पाणी, दुसऱ्यात तेल. रशियन सैनिकालाही आधी पाणी, मग तेल असंच शिकवत होते.

मी काय करतो ते सांगतो. घरून निघताना थर्मॉसमध्ये लिटरभर कढत पाणी घेतो. शेवटची गोळी झाली की रेंजवरच बोल्ट, म्हणजे मागून चेंबर बंद करणारा सरकता दांडा, काढायचा, नळीचं तोंड खाली करायचं, चेंबरमध्ये रबरी नळीचं नरसाळं लावून सगळं पाणी हळूहळू ओतायचं. पाणी लाकडात मुरू द्यायचं नाही. बोल्टचं डोकं उरलेल्या पाण्यात बुडवून ब्रशने घासायचं, मीठ तिथेही बसतं आणि लोक नेमकं तेच विसरतात. मग कोरड्या चिंध्या, चिंधी खरंच कोरडी निघेपर्यंत. घरी येऊन काजळी आणि तांब्यासाठी नेहमीचं सॉल्व्हंट, त्यानंतर तेल. गज चेंबरकडूनच घाला. तोंडाकडून घालून घालून या रायफलींची तोंडं झिजलीत. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी आरपार. नारिंगी झाक दिसली तर पुन्हा पहिल्यापासून.

‘उद्या साफ केली तर चालेल का’ असंही विचारलंत. नागपूरच्या मे महिन्यात कदाचित चालेल. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, म्हणून त्याच दिवशी करा असंच म्हणेन. तेल कुठलं, तर मिठाशिवायच्या नळीला कुठलंही चांगलं बंदुकीचं तेल चालतं.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. दुकानात आज मिळणारी नवी काडतुसं बहुतेक अशी नसतात, त्यांना एवढा खटाटोप नको. डब्यातली लष्करी काडतुसं असतील तर मात्र तशीच आहेत असं धरून चाला. पुढेमागे एसकेएस, म्हणजे गोळीच्या गॅसवर आपोआप भरणारी रशियन रायफल, घेतलीत तर तिची गॅसची नळी आणि पिस्टनही धुवावा लागेल, नळीला आतून क्रोम असलं तरी. तो स्प्रे घरात असेल आणि तुम्ही अर्धी बाटली नळीत ओतणार असाल तर मीठ जाईल, पाणीच आहे ते. पण मोसिनच्या लाकडावर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं आणि अमोनिया लाख उतरवतो. मित्राने परत केलेल्या माझ्या रायफलच्या दस्त्यावर पांढुरके ओघळ होते. त्या रविवारी मला वाटलं होतं, दिव्याचा उजेड पडलाय.