पद्मिनी पावसाळाभर गावाला ठेवायची आहे, काय काळजी घेऊ?

प्रश्न : आमच्या बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी वेंगुर्ल्याजवळ गावच्या घरी आहे. मी पुण्यात असतो, आता जूनपासून दसऱ्यापर्यंत गाडी हलणार नाही. मागच्या मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये) लावून वरून ताडपत्री घट्ट बांधायचा विचार आहे. काका म्हणतात, दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करत जाईन. एवढं पुरेल का? घरात उंदीरही आहेत.

उत्तर : ताडपत्री अजिबात नको, हे आधी सांगतो. तिकडे थंड देशात लोक हिवाळ्यात जुनी गाडी झाकून ठेवतात, पण आपल्याकडे चार महिने हवाच ओली आणि त्यात समुद्राचं मीठ, त्यामुळे प्लास्टिकच्या आत कोंडलेली वाफ पत्र्यावरच बसते आणि गाडी आतून कुजते. मांगराची पश्चिमेकडची बाजू झावळ्यांनी नाहीतर पत्र्याने बंद करा म्हणजे झड आत येणार नाही, पूर्वेकडची मोकळी ठेवा. गाडीवर सुती कव्हर किंवा जुन्या चादरी, काचा बोटभर खाली. खाली मातीची जमीन असेल तर चाकांखाली फळ्या टाका.

खरं काम मात्र मे महिन्यातच, आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या तयारीच्या) कामांबरोबर. गाडी गोड्या पाण्याने धुवा, मडगार्डच्या आतून आणि बुडाखालून पाइप लावून, आणि मग दोन-तीन दिवस कडक उन्हात दारं, बॉनेट, डिकी उघडी टाकून वाळवा, मॅट उचलून बघा, खालचं जूट ओलं असेल तर काढूनच टाका. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, त्यात पातळ स्क्रूड्रायव्हर घालून बघा, वाळू, माती, पातेऱ्याचा (सुक्या पानांचा) चुरा असा ओला गाळ बाहेर येतो. तो तसाच राहिला तर वरून रंग चकचकीत आणि खाली दाराला हात लावला की पापुद्रे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून खालचा पत्रा गेला की गाडीच गेली. गंज दिसला तर घासून प्रायमर मारा, गंजावरच काळं कोटिंग फासू नका, गंज आत वाढतच राहतो.

काकांना प्रेमाने सांगा की पाच मिनिटं चालू करू नका. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं, सायलेन्सर नीट तापला नाही तर ते आतच राहतं, ऑइलमध्येही उतरतं. कोरडा दिवस बघून पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणणार असतील तर उत्तम, नाहीतर हात लावू नये. बॅटरी काढून ठेवा (आधी निगेटिव्ह), घरात फळीवर, आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.

इंजिन ऑइल आत्ताच बदला, जुन्या ऑइलमधलं ॲसिड चार महिने बेअरिंगना लागून राहायला नको. आता पंपावर इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून टाकी ताज्या पेट्रोलने भरून ठेवा, आत हवेला जागाच कमी. कार्बोरेटर मात्र रिकामा करा, आणि जुने रबरी पाइप मऊ पडलेत किंवा फुगलेत का तेही बघून घ्या.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका, चाकांना लाकडी ठोकळे लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त.

उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत कापडाचा बोळा घाला, बॉनेट उघडं ठेवा, कारण त्यांना अंधारी जागा लागते. मांगरात भाताची पोती किंवा पेंढा असेल तर आधी तो हलवा, त्याशिवाय बाकीच्याचा उपयोग नाही. बोळे कुठे कुठे घातलेत ते चिठ्ठीवर लिहून स्टीअरिंगला बांधा.

दसऱ्याला पूजेआधी बोळे काढा, ब्रेक ऑइल बघा, खळ्यातच (अंगणातच) दोन-चार वेळा ब्रेक दाबून चारही चाकं मोकळी फिरतात ना याची खात्री करा, मगच रस्त्यावर काढा.